परमिट रूमवर दुहेरी भार

करवाढीविरोधात १४ जुलै २०२५ रोजी राज्यातील बार आणि परमिट रूम बंद राहिल्याची बातमी वाचली. मालकांच्या नफ्याचे ते बघतील. पण परमिट रूममधील मद्यावरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला आहे आणि आता भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचे उत्पादन शुल्कही निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केले आहे. वाइन शॉपमधून बाटली नेणाऱ्याला हा जादा व्हॅट पडत नाही. मग चार मित्र मसाला पापड, शेंगदाणे मागवून टेबलाशी बसण्याऐवजी मैदानाच्या कडेला गाडीत बसतात, आणि तशीच ती चालवतातही. मद्यपान कमी व्हावे, हा हेतू असेल (मला शंका आहे), तर आधी हा फरक मिटवावा.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई