द्राक्षाची साल, कांद्याचा पापुद्रा आणि चरबीच्या पेशी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की ‘द्राक्षबियांचा अर्क शरीरात चरबीच्या पेशी तयारच होऊ देत नाही’ अशा आशयाच्या जाहिराती नाशिककरांच्या मोबाईलवर फिरू लागतात, आणि हल्ली आरोग्यविषयक सदरांतूनही हाच दावा संशोधनाचा हवाला देऊन केला जातो. हवाला खोटा नसतो, अडचण तीच आहे. महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवलेला एक निवृत्त शिक्षक या नात्याने या संशोधनात प्रत्यक्ष काय पाहिले जाते, ते वाचकांसमोर मांडावेसे वाटते.

यातले बरेचसे प्रयोग ३टी३-एल१ या पेशींवर होतात. उंदराच्या भ्रूणापासून आलेला हा पेशींचा वाण हॉवर्ड ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत वेगळा काढला. प्लास्टिकच्या बशीत या पेशी दाटीने वाढल्या की त्यांना इन्सुलिन, डेक्सामेथासोन आणि आयबीएमएक्स यांचे, म्हणजे पेशीला चरबीची पेशी बनायला लावणाऱ्या द्रव्यांचे, मिश्रण देतात. साधारण आठ-दहा दिवसांत लांबट पेशी गोलसर होतात, त्यांच्यात तेलाचे थेंब साचतात आणि ‘ऑइल रेड ओ’ हा रंग घातला की ते थेंब सूक्ष्मदर्शकाखाली लालभडक दिसतात. शेजारच्या बशीत द्राक्षाच्या सालीतील रेझव्हेराट्रॉल, कांद्यातील क्वेर्सेटिन किंवा हळदीतील कर्क्युमिन घातले असेल, तर तिथे लाल थेंब बरेच कमी आढळतात, कारण पेशीला चरबीची पेशी बनवणारी पीपीएआर-गॅमा आणि सी/ईबीपी-अल्फा ही प्रथिने तिथे कमी तयार होतात. शिवाय पेशीतील ऑक्सिजनची क्रियाशील रूपे (चटकन इतर रेणूंशी अभिक्रिया करणारी) हाही पेशीला या बदलाकडे नेणारा एक संकेत असतो आणि अशा रूपांना निष्प्रभ करणारी अँटिऑक्सिडंट द्रव्ये तो क्षीण करू शकतात. इथपर्यंत सारे खरे आहे.

बशीतून ताटात येताना मात्र हिशेब बदलतो. रेझव्हेराट्रॉल तोंडावाटे घेतले तर ते आतड्यातून चांगले शोषले जाते, पण आतडे आणि यकृत त्याचे लगेच रूपांतर करतात, त्यामुळे मूळ रूपात ते रक्तात जेमतेम एक टक्का, किंवा त्याहूनही कमी, पोहोचते. बशीतील पेशींना मिळणारी मात्रा त्याच्या कित्येक पट असते. (वेल हे द्रव्य बनवते ते बुरशीशी झुंजण्यासाठी, आपल्या कंबरेच्या घेराशी तिला कर्तव्य नाही.) त्यातही ते असते मुख्यतः सालीत, बियांच्या अर्कात प्रामुख्याने प्रोअँथोसायनिडिन ही वेगळी द्रव्ये असतात, आणि आपल्या निफाड-दिंडोरीच्या थॉम्पसन द्राक्षाला तर बीच नसते. कांद्याचे म्हणाल, तर क्वेर्सेटिन बाहेरच्या पापुद्र्यांत अधिक असते आणि सोलताना आपण नेमके तेच केराच्या टोपलीत टाकतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, चरबीच्या नव्या पेशी बनू न देणे खरोखर हिताचे आहे का? प्रौढ माणसाच्या चरबीच्या पेशींची संख्या जवळपास स्थिर राहते, दरवर्षी सुमारे दहा टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात, असे २००८ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले. जास्तीची चरबी साठवायला त्वचेखाली पुरेशी जागा मिळाली नाही, तर ती यकृतात आणि स्नायूंत शिरते आणि तिथून मधुमेहाची वाट सोपी होते. पायोग्लिटाझोन हे मधुमेहावरील औषध तर पीपीएआर-गॅमा या प्रथिनाला चालना देते, म्हणजे बशीतल्या प्रयोगाच्या बरोबर उलट काम करते, आणि त्याने साखर आटोक्यात येण्यास मदत होते. आपल्याकडे हा मुद्दा अधिकच लागू आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली होती : दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. अंगकाठी सडपातळ, पण आत चरबी, असा आपला बांधा असताना साठवणीची जागाच बंद करण्याचा सल्ला मला तरी धोक्याचा वाटतो.

अर्काच्या गोळ्या म्हणजे फळ नव्हे, हेही सांगितले पाहिजे. हिरव्या चहाच्या अर्कातील ईजीसीजी हे अँटिऑक्सिडंट द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक घेतल्यास यकृतावर ताण आल्याची लक्षणे दिसतात, असा निष्कर्ष युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली काढला. आपल्याकडेही अशा पूरक उत्पादनांच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ या अर्थाची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती इतक्या बारीक अक्षरांत असते की चष्मा लावूनही शोधावी लागते.

आपल्या दैनिकाला विनंती एवढीच की, अशी बातमी छापताना प्रयोग बशीतील पेशींवर झाला, उंदरांवर झाला की माणसांवर, आणि मात्रा किती होती, हे पहिल्या परिच्छेदातच द्यावे. जाहिरातींनाही हाच निकष लावता आला तर उत्तम.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापक, गंगापूर रोड, नाशिक