शेवटची एसटी

चि. मनूस, बाबांचे आशीर्वाद.

फोनवर नुसतं "बरोबरी झाली" म्हणालो, कारण आई शेजारीच होती. या वयात सांगलीला बुद्धिबळाच्या स्पर्धेत जाऊन लाकडी घोडे काय नाचवता, हे तिचं चालूच असतं.

समोर एक निवृत्त गृहस्थ. रेटिंग त्यांचं १६०० च्या पुढे, माझं १४५०. काळे मोहरे माझ्याकडे. तिसाव्या चालीपर्यंत डाव सारखा होता, मग मी माती खाल्ली. हलवायचा होता हत्ती, हात पडला घोड्यावर. ते काही बोलले नाहीत, नुसतं माझ्या बोटांकडे पाहिलं. हात लावला तो मोहरा खेळायचाच. घोडा हलवला, प्यादं गेलं. कापाकापी होऊन शेवटी दोन राजे, एकेक हत्ती आणि त्यांचं ई पट्टीतलं ते जादा प्यादं.

हार मानणारच होतो, तेवढ्यात तू दहावीच्या सुट्टीत शिकवलेला फिलिडोरचा बचाव आठवला. "बाबा, राजा प्याद्याच्या वाटेत, हत्ती सहाव्या रांगेत, आणि मग काही करू नका!" काही न करणं किती अवघड असतं गं! हत्ती जी-सहा, एच-सहा, परत जी-सहा. चालीगणिक घड्याळात ३० सेकंद वाढतात, म्हणून प्रत्येक चाल शेवटपर्यंत कागदावर लिहावीही लागते. घामाने निम्मी शाई तळहाताला.

अखेर कंटाळून त्यांनी प्यादं सहाव्या रांगेत ढकललं. माझा हत्ती थेट खाली पहिल्या रांगेत, आणि मागून शह. प्यादं पुढे गेलेलं, त्यांच्या राजाला आडोसाच नाही. सातव्या शहानंतर ते हसले आणि त्यांनी हात पुढे केला. (ही युक्ती १७७७ साली छापून ठेवणारा फिलिडोर ऑपेरांना संगीत द्यायचा, हेही तूच सांगितलेलं.)

परतीच्या गाडीत मात्र वेगळंच डोळ्यांपुढे येत राहिलं. तू बारा वर्षांची, हॉलमध्ये शेवटचा पट तुझाच. मी दारातून मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवतोय, शेवटची एसटी चुकेल म्हणून. एक प्यादं कमी होतं तुझं. मी म्हटलं, हरलेलाच डाव, कशाला ताणतेस. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि डाव सोडलास. एसटी मिळाली. तू खिडकीकडे तोंड करून बसलीस, मी शेंगांची पुडी घेऊन दिली.

काल तुझ्या निळ्या फाइलमधून त्या डावाचा कागद काढला. हत्तींचाच शेवट होता. दिवाळीला आलीस की मांडू. तुझा राजा प्याद्याच्या वाटेतच उभा होता.

बाबा