मॅडम, तुमचं पाकीट आमच्याकडेच राहिलं

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमच्या वर्दीवरची नावाची पट्टी मी वाचली होती, पण इथे लिहीत नाही. कौतुकापायी तुम्हालाच मेमो मिळायचा.

रविवारी हेलिपॅडजवळ दोरीला धरून उभे असलेले ८४ वर्षांचे म्हातारे गृहस्थ म्हणजे माझे वडील, आप्पा. आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय आत टाकायच्या कायद्याखाली, ते येरवड्याच्या तुरुंगात होते. परवा आलेले साहेब तेव्हा जेमतेम विशीतले, त्याच बराकीत. आप्पांचा चष्मा पडून फुटला, तेव्हा आईची पत्रं तेच त्यांना वाचून दाखवायचे. सुटल्यावर पुन्हा भेट नाही. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने मिसाबंदींचा आकडा ३४,९८८ दिलाय. "त्यातला मी एक, मला कोण ओळखणार," असं आप्पाच म्हणायचे.

आप्पांना साहेबांना भेटायचंय, हे इथल्या पदाधिकाऱ्यांना तीन आठवडे आधी सांगून ठेवलं होतं. "बघतो, यादीत नाव टाकतो." दर २५ जूनला, आणीबाणी लागली त्या तारखेला, आप्पांना शाल-श्रीफळ देऊन फोटो काढून घेणारी हीच मंडळी. रविवारी एकानेही ओळख दाखवली नाही. एक जण तर "आजोबा, बाजूला व्हा" म्हणाला. जाऊ दे म्हणते, पण जात नाही मनातून.

तुम्ही मात्र विचारलंत, "बाबा, हातात काय जपताय?"

आईचं पोस्टकार्ड होतं ते, १९७५ सालचं. तपासणीचा शिक्का मारलेला, दोन ओळी काळ्या शाईने खोडलेल्या. त्या ओळींत काय होतं ते आई गेली तेव्हा तिच्याबरोबरच गेलं. भुरभुर सुरू झाली आणि आप्पा थरथरत्या हाताने ते सदऱ्यात लपवायला लागले. तुम्ही काही न बोलता गळ्यातल्या प्लास्टिकच्या पाकिटातून आपला ड्युटी पास काढलात, खिशात टाकलात. कार्ड त्या पाकिटात सरकवलंत आणि फीत आप्पांच्या गळ्यात अडकवलीत. मागून कुणीतरी "पास कुठाय तुमचा?" म्हणून तुम्हाला झापलं, तेही मी ऐकलं.

पुढे वॉकीटॉकीवर काय बोलणं झालं, देव जाणे. तुम्ही आप्पांना धरून आत नेलंत.

भेट मिनिटभराचीसुद्धा नव्हती. साहेबांनी पाकीट जवळ धरलं, लांब धरलं, मग हसले. "आप्पा, आता मलाच चष्मा लागतो." कुणाचा तरी चष्मा मागून घेतला आणि मोठ्याने वाचलं, "पोरगी आता बसायला लागली आहे." आप्पांनी दोरीपलीकडे माझ्याकडे बोट दाखवलं.

घरी आल्यावर आप्पा सांगत होते, येरवड्यातही एक शिपाई होता. पत्र आलं की वाटपाची वाट न बघता गजापाशी येऊन हळूच सांगून जायचा. एकोणीस महिने आत काढूनही खाकीवर त्यांचा राग का नाही, ते मला पन्नाशीत कळलं. चांगुलपणाला हुद्दा लागत नाही, हे अशा माणसांना कुणी शिकवलेलं नसतं.

पाकीट परत करायला चौकीवर येणार होते. पण आप्पा गळ्यातून काढायला तयार नाहीत.

तुमची,
ती बसायला लागलेली पोरगी