राज्यपाल घरचा चालेल, पण खरी अट वेगळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाराष्ट्राचा राज्यपाल मराठी माणूस का असू नये, असा प्रश्न वाचकांच्या पत्रांतून अधूनमधून विचारला जातो आणि ‘घटनेत तसे चालत नाही’ असे ठोकळेबाज उत्तरही त्याला मिळते. हे उत्तर चुकीचे आहे. कलम 157 नुसार भारतीय नागरिकत्व आणि वयाची 35 वर्षे पूर्ण, एवढ्या दोनच पात्रता लागतात. पश्चिम बंगालमध्ये 1951 ते 1956 या काळात राज्यपाल असलेले हरेंद्रकुमार मुखर्जी बंगालीच होते. म्हैसूर राज्यात तर 1956 पासून तिथले महाराज जयचामराज वाडियार यांच्याकडेच हे पद होते. परराज्यातला माणूस आणणे ही वहिवाट आहे आणि तिला 1988 मध्ये केंद्र-राज्य संबंधांचा अभ्यास करणाऱ्या सरकारिया आयोगाच्या अहवालाने बळ दिले.

आयोगाने मात्र ही अट एकटी घातली नव्हती. राज्यपाल राज्याबाहेरचा असावा, तसाच तो एखाद्या क्षेत्रात नाव कमावलेला, स्थानिक राजकारणात न गुंतलेला, नजीकच्या काळात राजकारणात फारसा न वावरलेला असावा, आणि पद सोडल्यावर त्याने पक्षीय राजकारणात परतू नये, असे आयोगाचे म्हणणे होते. यांतली पहिली अट आपण निष्ठेने पाळतो, कारण ती पाळताना कोणत्याच पक्षाला काही सोडावे लागत नाही. बाकीच्यांचे काय झाले ते सर्वांसमोर आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले कर्नाटकचे एस. एम. कृष्णा 2008 मध्ये मुंबईचे राजभवन सोडून राजकारणात परतले आणि पुढच्याच वर्षी परराष्ट्रमंत्री झाले. आपले सुशीलकुमार शिंदे 2004 मध्ये मुख्यमंत्रिपदावरून थेट आंध्र प्रदेशचे राज्यपाल झाले. तेलुगू विणकरांच्या आमच्या सोलापूर शहराला त्याचे अप्रूप वाटणे स्वाभाविकच होते, पण जानेवारी 2006 मध्ये तेही केंद्रात ऊर्जामंत्री म्हणून गेले. दोघेही त्या त्या राज्यात परकेच होते.

घरचा राज्यपाल असण्याचे फायदे मी नाकारत नाही. 2018 च्या अधिवेशनात राज्यपालांच्या अभिभाषणाचा मराठी अनुवाद सभागृहात ऐकू न आल्याने गदारोळ झाला आणि मुख्यमंत्र्यांना माफी मागावी लागली. मराठी राज्यपाल असता तर ही नामुष्की टळली असती. तथापि, हे पद केवळ शोभेचे असते, तर वाद तिथेच मिटला असता. महाराष्ट्राचा राज्यपाल विद्यापीठांचा कुलपती असतो, विधान परिषदेवरील 12 सदस्य त्याच्या सहीने नेमले जातात, आणि कलम 371(2) खाली विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यात विकासनिधीचे न्याय्य वाटप होते की नाही हे पाहण्याची विशेष जबाबदारी त्याच्यावर सोपवता येते. सोलापूर जिल्हा ‘उर्वरित’मध्ये मोडतो, म्हणजे सांगोला-मंगळवेढ्याचा दुष्काळी टापू कागदावर पुण्या-कोल्हापूरच्या पंक्तीला बसतो, ही आमची जुनी तक्रार. या तीन विभागांसाठीच्या वैधानिक विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली तरी ती तक्रार कायम आहे. अशा वेळी सोलापूरचा राज्यपाल आमच्या बाजूने एक ओळ जरी लिहील, तरी नागपूरला ती पक्षपाताची वाटेल; आणि तो गप्प राहिला, तर आम्हीच त्याला गाव विसरला म्हणून बोल लावू.

शिवाय सात रस्त्याच्या शासकीय विश्रामगृहात मंत्री उतरतात तेव्हा सकाळी काय चालते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. बदलीचे अर्ज, साखर कारखान्याच्या थकहमीची फाईल, शाल-नारळ घेऊन आलेले दूरचे पाहुणे आणि ‘साहेब आपलेच आहेत’ म्हणत दारातल्या शिपायाला बाजूला सारणारे कार्यकर्ते. राज्यपालांच्या बाबतीत ही गर्दी वेगळी असेल, असे मानायला मला तरी आधार दिसत नाही. म्हणून गावाचा प्रश्न अगदीच गौण आहे असे मी म्हणणार नाही. पण ही गर्दी जमते ती मुख्यतः साहेबांकडे उद्याही सत्ता असेल या अपेक्षेने.

नियंत्रक व महालेखापरीक्षकाला पदावरून उतरल्यावर केंद्र वा राज्य सरकारचे दुसरे पद घेता येत नाही, असे कलम 148 मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. राज्यपालांसाठीही पुन्हा राज्यपालपद किंवा राष्ट्रपती-उपराष्ट्रपतिपद वगळता असाच निर्बंध असावा, अशी शिफारस सरकारिया आयोगाने केली होती. आपल्या खासदारांनी मराठी राज्यपालाच्या मागणीपेक्षा या शिफारशीसाठी संसदेत आग्रह धरावा. ती अमलात आली, तर सांगोल्याच्या एखाद्या निवृत्त प्राध्यापकाने राज्यपालपदाची शपथ घेतली तरी माझी हरकत असणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर