तीन तारे नेमके कुणाचे?

महोदय,

दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैनिकांना एकमेकांचे गणवेश व हुद्दे ओळखता यावेत म्हणून सचित्र तक्ते आणि पुस्तिका निघत. त्यांची गरज खरीच होती. खांद्यावर तीन तारे म्हणजे ब्रिटिश कॅप्टन, पण अमेरिकी असेल तर थेट लेफ्टनंट जनरल! अमेरिकी सैन्यात तर लेफ्टनंटची चंदेरी पट्टी सोनेरीपेक्षा वरची. बाहीवरच्या ‘व्ही’ आकाराच्या फितींचे टोक ब्रिटिश व हिंदी सैन्यात खाली, अमेरिकी सैन्यात वर.

१९४४ साली इटलीत धारातीर्थी पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे ‘नाईक’ या हुद्द्यावर होते, म्हणजे बाहीवर दोन फिती. आजोबांच्या जुन्या फोटोतल्या फिती मला असा तक्ता पाहूनच उमगल्या. रविवार पुरवणीत त्या काळच्या हिंदी सैन्याचा तक्ता छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा