तू काही चुकवलं नाहीस

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार.

शाळेच्या स्नेहमेळाव्याला येता आलं नाही म्हणून हळहळत होतास ना? काही चुकवलं नाहीस. भाषणं लांबली, पुऱ्या गार झाल्या.

हेच सांगणारं एक जुनं पत्र सापडलंय. इ.स.पू. 55 मधलं, रोमन वक्ता सिसेरोने मारियस या मित्राला लिहिलेलं. सेनापती पाँपेने रोममधलं पहिलं कायमस्वरूपी दगडी नाट्यगृह बांधलं आणि खेळांचा नुसता धडाका लावला. मारियस तब्येतीमुळे घरीच. सिसेरो त्याला कळवतो, नाटकात 600 खेचरं आणली, त्यात कसली आलीय मजा! मग पाच दिवस रिंगणात जनावरांच्या शिकारीचे खेळ, रोज दोन-दोन. शेवटचा दिवस हत्तींचा.

त्या दिवसाचं वर्णन थोरला प्लिनी या रोमन लेखकाने केलंय. वीसेक हत्ती, समोर आफ्रिकेतले गेटुली भालाईत. एका हत्तीचे पाय भाल्यांनी फाटले, तर गडी गुडघ्यांवर सरपटत माणसांवर गेला, ढाली हिसकून वर भिरकावू लागला. त्या गिरक्या घेत खाली यायच्या आणि लोक खूश, जणू शिकवलेला खेळच चाललाय! मग सगळा कळप लोखंडी कठड्यावर धडकला. बाहेर पडता येईना, तेव्हा हत्ती आक्रंदायला लागले, गयावया करावी तसे. सगळं सर्कस मॅक्सिमस, म्हणजे रोमचं ते भलंमोठं क्रीडांगण, रडत उभं राहिलं आणि पाँपेला शिव्याशाप देऊ लागलं. एवढा पैसा ओतून माणसाने काय कमावलं बघ! सिसेरो लिहितो, या जनावराचं माणसाशी काही नातं आहे असं लोकांना वाटलं.

सीझर हुशार. स्वतः हत्ती झुंजवायची वेळ आली तेव्हा त्याने रिंगणाभोवती पाण्याचा चर खणून घेतला. कठड्याची काळजी मिटली, हत्तींची नाही. इ.स.पू. 46 साली त्याच्या विजययात्रेत रथाचा आस मोडला, तरी रात्री स्वारी कॅपिटोलची टेकडी चढली, दोन्ही बाजूंना मशाली धरलेले 40 हत्ती. हे मात्र बघायला मला आवडलं असतं.

प्लिनीचाच आणखी एक हत्ती डोक्यातून जात नाही. शिकायला मठ्ठ, म्हणून सारखा मार खायचा. एका रात्री तो एकटाच दिवसाचा धडा गिरवताना दिसला. आपल्या वर्गात मागच्या बाकावर असाच एक होता, आठवतो?

गुडघा कसा आहे? जिना टाळ. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरविंद