सोडून दिलेला मासा जगतो का?

महोदय,

शाळांना सुट्टी लागली की मुळशी, पवना, भाटघर, उजनी या धरणांच्या फुगवट्यावर गळ घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढते. अलीकडे त्यात फ्लाय फिशिंग करणाऱ्यांचीही भर पडली आहे. गांडूळ किंवा कणकेच्या गोळीऐवजी पिसा-केसांची बांधलेली कृत्रिम माशी, आणि शिशाऐवजी दोराच्याच वजनावर ती फेकायची, अशी ही पद्धत. यातले बहुतेक जण मासा धरून, पाहून पुन्हा पाण्यात सोडतात. विचार चांगला आहे. पण एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडच्या पाण्यात सोडलेला मासा जगतोच असे नाही. तो डोळ्यांसमोर पोहत खोल जातो आणि काही तासांनी तळाशी मरतो. सोडणारा तोवर समाधानाने घरी पोहोचलेला असतो.

कारण साधे आहे. पाणी तापते तसा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. समुद्रसपाटीला 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे 9.1 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 30 अंशांना तो सुमारे 7.6 वर येतो. मुळशी-लोणावळा सुमारे 600 मीटर उंचीवर असल्याने तिथे त्याहूनही थोडा कमी. शिवाय पाणी दहा अंशांनी तापले की माशाची स्वतःची प्राणवायूची गरज ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणजे पुरवठा घटलेला, मागणी वाढलेली, आणि त्यात आपण त्याला पाच-सात मिनिटे दोराला लावून पळवतो. स्नायूंत साचलेले लॅक्टिक आम्ल निचरायला त्याला कितीतरी तास लागतात, आणि त्या तासांतच तो दगावतो.

म्हणून गळाच्या पेटीत पहिली वस्तू तापमापक असावी. मत्स्यपेटीत वापरतात तो साधा काचेचा चालतो. काठच्या उथळ, उन्हाने तापलेल्या पाण्यात बुडवून उपयोग नाही. गुडघाभर पाण्यात जाऊन, स्वतःच्या सावलीत, कोपरभर खोल दोन मिनिटे धरायचा. धरणात खालच्या थराचे तापमान हवे असेल तर सैल बूच लावलेली बाटली दगड बांधून दोरीने तीन मीटर खाली सोडावी, बुचाला बांधलेली दुसरी दोरी ओढून ते तिथे काढावे, बाटली भरून दोन-तीन मिनिटे झाल्यावर झटकन वर ओढावी आणि लगेच आत तापमापक घालावा. वरचे पाणी 31 आणि खालचे 26 असा फरक उन्हाळ्यात सहज सापडतो. खालून आणलेला मासा आपण त्या 31 अंशांच्या थरात दमवतो आणि तिथेच सोडतो, हे त्या आकड्यावरून कळते.

थांबायचे कधी? अमेरिकेतील मोंटाना राज्यात नदीचे पाणी सलग तीन दिवस 73 अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे 23 सेल्सिअसला, टेकले की दुपारी 2 ते मध्यरात्र मासेमारी बंद करण्याची पद्धत आहे. तो आकडा ट्राउट या थंड पाण्याच्या माशाचा. तो जसाच्या तसा इथे लावणे चुकीचे, कारण आपला महाशीर, राहू किंवा मरळ त्याहून बऱ्याच उष्ण पाण्यात वाढतो. पण त्या नियमामागचा विचार घेण्यासारखा आहे. वाहत्या नदीत 28 अंशांना सावध व्हावे आणि 30 ला काठी गुंडाळावी, साचलेल्या डोहात त्याच्याही आधी, असे आमचे मत आहे. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून ती जास्त सोसते. महाशीर वाहत्या, स्वच्छ पाण्याचा मासा, तो सर्वांत कमी सोसतो.

इथे एका सर्रास दिल्या जाणाऱ्या सल्ल्याविषयी लिहिणे भाग आहे. 'उन्हाळ्यात पहाटेच गळ टाका' हे अर्धेच खरे आहे. मुळशीसारख्या खोल आणि स्वच्छ पाण्यात पहाट उत्तम, कारण तेव्हा पाणी सर्वांत थंड असते. पण जिथे पाणी शेवाळाने हिरवे झाले आहे किंवा जलपर्णीने झाकले आहे, तिथे उलट घडते. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्रभर तोच वापरते. जलपर्णी हवेचा पाण्याशी संबंधच तोडते आणि खाली कुजत राहते. अशा पाण्यात सूर्योदयाच्या सुमारास प्राणवायू दिवसातला सर्वांत कमी असतो, तापमापक कितीही चांगला आकडा दाखवो. इंद्रायणी, पवना, मुळा-मुठेचे शहराखालचे पात्र आणि उजनीचा वरचा भाग या वर्गात मोडतात. मासे तोंड पाण्याबाहेर काढून हवा ओढताना दिसले, गोगलगायी दगडांवर पाण्याबाहेर चढलेल्या दिसल्या, तर त्या दिवशी तिथे गळ टाकूच नये. बाकीच्या दिवशी ऊन पडून दोन तास झाल्यावर सुरुवात करावी आणि पाणी तापायच्या आत आटपावे. ढगाळ, वारा पडलेल्या दिवसानंतरची पहाट सर्वांत वाईट.

आता साधनांविषयी. उन्हाळ्यात पाणी कमी आणि काचेसारखे नितळ असते, मासा लगेच बुजतो, म्हणून लोक बारीक तंगूस लावतात. नेमके हेच माशाच्या जिवावर बेतते, कारण बारीक दोरावर मासा ओढता येत नाही, नुसता दमवावा लागतो. बुजरेपणावर उपाय लांबी हा आहे. दोरापुढचा पारदर्शक तुकडा 9 ऐवजी 12 फुटांचा करा, त्याचे टोक मात्र महाशीरसाठी 12 पौंडांचा ताण सोसणाऱ्या जाडीच्या खाली आणू नका. काठी 9 फुटी, 8 नंबरची (नंबर जितका मोठा तितकी काठी दणकट). मासा लागल्यावर काठी आभाळाकडे उभी धरली तर तो नुसता लटकत राहतो. ती आडवी, पाण्याजवळ धरून बाजूला ताण दिला की त्याचा तोल जातो आणि तो लवकर येतो. दोन किलोचा मासा दोन-तीन मिनिटांत हाताशी आला पाहिजे. येत नसेल तर साधन हलके आहे. झोऱ्या, खवल्या, चिलापी (तिलापिया) अशा लहान माशांसाठी 4-5 नंबरची काठी पुरते, पण महाशीर असलेल्या डोहावर ती नेऊच नये.

गळाच्या टोकामागचा उलटा काटा, ज्याला आपण बार्ब म्हणतो, तो पकडीने दाबून सपाट करावा. दोर ताणलेला ठेवला तर मासा सहसा सुटत नाही आणि गळ पाण्यातच दोन बोटांनी निघतो. तीन तोंडांचा गळ अजिबात नको. जाळी रबराची, बिनगाठीची हवी. सुती किंवा नायलॉनच्या गाठी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतात आणि तिथे आठवड्याभरात बुरशी धरते.

मासा हातात घेण्याआधी हात ओले करा. ज्या कातळावर दुपारी आपल्याला अनवाणी पाय ठेवता येत नाही, त्याच कातळावर मासा आडवा ठेवून फोटो काढलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्या माशाची त्वचा भाजलेली असते. फोटो हवाच असेल तर मासा पाण्यात जाळीत असू द्या, कॅमेरा तयार झाल्यावर पाच सेकंद वर उचला, पुन्हा खाली. कल्ल्यांत बोटे घालू नका. सोडताना एक हात शेपटीच्या बुडाशी, दुसरा पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे. मासा पुढे-मागे ढकलण्याची सवय घातक आहे. मागे ओढताना कल्ल्यांत पाणी उलटे शिरते. नुसता सरळ धरा. तो आपल्या हातातून स्वतः जोर लावून निघाला पाहिजे. साचलेल्या पाण्यात सावलीची, खोल कडेची जागा त्यासाठी आधीच हेरून ठेवा.

चिलापीला हे काहीच लागू नाही. ती आपल्याकडची नाही, वर्षातून अनेकदा पिल्ले घालते आणि स्थानिक माशांची जागा घेते. मिळाली तर घरी न्यावी. उजनीत ज्याला लोक हेलिकॉप्टर मासा म्हणतात तो सकरही पाण्यात परत टाकू नये.

जागांबद्दल थोडे. धरण ओसरते तसे मासे मूळ नदीपात्राच्या रेषेवर गोळा होतात. उजनीत पळसदेवचे मंदिर उघडे पडले की जुन्या भीमेची वळणे काठावरूनही वाचता येतात. मात्र ओसरलेल्या काठाचा गाळ वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो आणि खाली मांडीभर मऊ असतो. काठीने चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नये. तिथल्या गाळपेर जमिनीत कुणाची कलिंगडे-काकड्या असतात, त्यांना विचारल्याशिवाय उतरू नये. बहुतेक जलाशयांवर मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार संस्थेकडे असतो. त्यांची परवानगी घेणे ही औपचारिकता नाही, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे.

भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यामुळे कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते, म्हणून तिचे आकर्षण जास्त. पण ते पाणी विजेच्या गरजेनुसार सुटते. पात्रात मधल्या खडकावर उभे राहून माशी फेकणाऱ्याला पाणी चढल्याचे कळते तेव्हा मागचा रस्ता बुडालेला असतो. काठालगत एका दगडावर पाण्याच्या रेषेची खूण करून दर पाच मिनिटांनी तिच्याकडे पाहावे; बोटभर चढली की आधी बाहेर यावे, दोर नंतर गुंडाळावा.

वळवाचा पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे उडतात आणि पाण्यावर पडतात. फ्लायवाल्यांसाठी ही उन्हाळ्यातली सर्वांत चांगली वेळ. 12 नंबरच्या गळावर बांधलेली, हरणाच्या केसांऐवजी फोमची, तरंगणारी तपकिरी माशी पुरेशी होते. उंबर-जांभळाच्या झाडाखालचे डोहही याच दिवसांत जिवंत होतात, कारण महाशीर पडलेली फळे खातो. पण दोन गोष्टी लक्षात असाव्यात. काठी कार्बनची असते आणि कार्बन विजेला वाट देतो. पहिला गडगडाट ऐकताच ती खाली ठेवा आणि काठापासून दूर जा. शेतीपंपांच्या लोंबत्या तारांखाली तर ती कधीच उभी करू नका. दुसरे, पहिल्या जोरदार सरीबरोबर नाल्यांतली वर्षभराची घाण आणि शेतातली खते-औषधे पात्रात येतात. धरणांतही तळाचे प्राणवायू संपलेले पाणी ढवळून वर येऊ शकते. त्यानंतर तीन-चार दिवस मासे आधीच धापा टाकत असतात.

मासे मेलेले दिसले तर कारणाचा अंदाज काठावरच घेता येतो. पहाटे आणि आधी मोठे मासे मेले असतील तर बहुधा प्राणवायू संपला. दिवसा कोणत्याही वेळी, लहान-मोठे सगळे, वेडेवाकडे पोहत मेले असतील तर विषाचा संशय घ्यावा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवताना वेळ, जागा आणि कोणते मासे हे लिहून द्यावे. बाटलीत पाणी भरून दुसऱ्या दिवशी नेऊन प्राणवायू कळत नाही. त्यासाठी नमुन्यात जागेवरच रसायन घालून त्यातला प्राणवायू बांधून ठेवावा लागतो.

हे सगळे आपल्याकडे विशेष महत्त्वाचे अशासाठी, की मे महिन्यात आटलेल्या डोहांत जे मोठे महाशीर उरतात, तेच जुलै ते सप्टेंबरच्या पाण्यात अंडी घालणार असतात. 1839 साली कर्नल साइक्स यांनी या माशाची शास्त्रीय नोंद केली ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतूनच, आणि त्याच्या शास्त्रीय नावातले 'खुद्री' हे इथल्याच लोकांच्या तोंडचे नाव. त्या पात्रात तो आज शोधावा लागतो. लोणावळ्याला वळवणच्या टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून त्याची पिल्ले तयार होतात, पण सोडलेल्या पिल्लांना मोठे होऊन अंडी घालायला डोह लागतो. देहूचा, महाडजवळच्या वाळणकोंडीचा, वाडा तालुक्यातल्या तिळशाचा डोह देवाच्या नावाने राखला गेला म्हणून तिथे मोठे मासे दिसतात.

मत्स्यव्यवसाय विभागाने सह्याद्रीतल्या धरणांच्या वरच्या आणि खालच्या निवडक डोहांत 15 मे ते 30 सप्टेंबर या काळात हौशी गळाला पूर्ण बंदी घालावी. जलसंपदा विभागाने उन्हाळी आवर्तनाच्या आणि विसर्गाच्या वेळा काठावरच्या गावांत फलकावर लावाव्यात. आणि संपादक म्हणून आपल्याला एक विनंती: आपण रोज धरणसाठ्याचे आकडे छापता. त्याच चौकटीत 1 एप्रिलपासून जूनच्या पावसापर्यंत प्रमुख धरणांच्या पाण्याचे सकाळी 7 आणि दुपारी 4 चे तापमान मागवून छापावे. धरणावर पातळी रोज मोजलीच जाते. त्याच माणसाला त्यासाठी एक तापमापक आणि पाच मिनिटे लागतील.

आपला,
एक हौशी मासेमार, ता. मुळशी